सात नंबरची गल्ली

झाडूवाली दारावर दांड्याने दोनदा ठोकायची आणि कोणी 'ये' म्हणायच्या आधीच आत यायची. छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. आधी तिची आई यायची, आईचे गुडघे गेल्यावर ती यायला लागली. रस्त्याकडच्या मोठ्या दारातून शिरायचं, मधली खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडायची, मागच्या दाराचा अडसर काढायचा आणि कचऱ्याची पाटी घेऊन मागच्या वस्तीत उतरायचं. घरात दोन सुना होत्या, कामाला बाई येत होती, तरी मधलीला दुसऱ्या कोणाचा झाडू कधी लागला नाही.

'अध्यक्षांचा मान म्हणून नगरपालिका त्यांचं घर झाडून देते,' असं गाव म्हणायचं. अध्यक्षीणबाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. नवरा तीन वेळा अध्यक्ष झाला होता. तो जाऊन अकरा वर्षं उलटली, त्याच्यामागे तिघे जण त्या खुर्चीत बसून उठले, पण गावाला अध्यक्षीण एकच ठाऊक होती.

"बाई, पाय," झाडूवाली म्हणाली.

अध्यक्षीणबाईंनी चहाची कपबशी सांभाळत पाय वर घेतले. "सावकाश झाड गं. धूळ चहात येते."

"धूळ आहे कुठे इथे? रोजच्या रोज झाडल्यावर धूळ काय आभाळातून पडणार?" ती खुर्चीखालून झाडू फिरवून थांबली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. आताशा सरळ व्हायला तिला वेळ लागत असे. "नवा साहेब आला होता ना परवा, फीत घेऊन. मला विचारतो, सात नंबरची गल्ली कुठाय? म्हटलं, चला. दारापर्यंत आणला त्याला. म्हणाला, अहो, हे तर घर आहे. म्हटलं, घर असेल, पण माझ्या यादीत गल्ली आहे. रोज झाडते मी."

"असं म्हणालीस?"

"म्हणणारच. वही दाखवली ना त्याला. एक खूण चुकलेली नाही. साहेब म्हणाला, मावशी, अख्ख्या नगरपालिकेत एवढी नीट वही मी बघितली नाही." हे सांगताना तिचा सुरकुतलेला चेहरा एकदम शाळेतल्या पोरीसारखा झाला. "निवृत्तीला नऊ महिने राहिले बाई आता. शेवटी शेवटी का होईना, कोणीतरी बघितली वही."

अडसर निघाला, मागचं दार उघडलं, उजेडाचा एक पट्टा मधलीत पडून पुन्हा मिटला. अध्यक्षीणबाई पाय वर घेऊन तशाच बसून राहिल्या. आठ दिवस अख्खं घर डोकं फोडत होतं की ती रेष आली कुठून. ती अशी, झाडूवालीच्या यादीतून आली होती. त्यांनीच रोज सकाळी दार उघडून आत घेतली होती.

रेष होती प्रभागांच्या नकाशातली. निवडणूक तोंडावर आली होती, प्रभाग नव्याने पाडले होते आणि कच्चा नकाशा पालिकेच्या सभागृहात टांगला होता. चार नंबर आणि पाच नंबर प्रभागाची हद्द मोठ्या रस्त्यावरून निघून बरोबर अध्यक्षांच्या दारातून आत शिरत होती, मधलीतून सरळ जात होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती. बैठकीची बाजू चार नंबरात, स्वयंपाकघराची बाजू पाच नंबरात. गावाला हसायला तेवढं पुरलं. वाण्याने थोरल्या सुनेला विचारलं होतं म्हणे, "वहिनी, चहा बैठकीत न्यायला आता परवाना लागतो का?"

हरकती घ्यायची मुदत आज पाचपर्यंत होती.

*

जेवणं उरकल्यावर सगळे बैठकीत जमले. थोरल्याने पालिकेत जाऊन सफाई यादीचा छडा लावला होता, नकाशाचा फोटो मोठा करून आणला होता आणि तो टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले होते. थोरला नगरसेवक. बापाचा आवाज त्याला मिळाला होता, बापाचं ऐकून घेणं मात्र मिळालं नव्हतं. धाकटा छापखाना चालवायचा. भावाची पत्रकं वर्षानुवर्षं त्यानेच छापली होती, आणि पत्रकावर आपलं नाव फक्त तळाशी, मुद्रक म्हणून येतं, हे त्याच्या मनात वर्षानुवर्षं सलत होतं.

"आई, तुझी सही हवी," थोरला म्हणाला. "घर तुझ्या नावावर, आणि जुनं माणूस आता तूच. ही हरकत आहे."

"वाच."

"अगं, लांबलचक आहे. मतलब असा की..."

"मतलब मी काढीन. तू वाच."

अध्यक्षीणबाई दोन इयत्ता शिकल्या होत्या. अक्षरं जोडून जोडून वाचायच्या, म्हणून चारचौघांत कधी वाचायच्या नाहीत. पण वाचून दाखवलेलं एक अक्षर त्यांच्या कानातून निसटत नसे.

थोरल्याने वाचलं. 'सदर जागेवर पूर्वापार कोणतीही सार्वजनिक गल्ली नव्हती व नाही. पालिकेच्या सफाई यादीतील नोंद चुकीची असून तिच्या आधारे आखलेली हद्द रद्द करावी. सदर घर पूर्वीपासून एकसंध आहे.'

"एकसंध," थोरली सून हळूच म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिची ती पद्धतच होती. एक शब्द टाकायचा आणि पदराला हात पुसत बसायचं.

"मी एक विचारू?" धाकटी सून पुढे सरकली. ती शिवणाचा वर्ग चालवायची, मागच्या वस्तीतल्या निम्म्या मुली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. "रेष आहे तिथे राहिली तर बिघडलं कुठे? दादा चार नंबरातून उभे राहतील. पाच नंबरातून मागच्या वस्तीतल्या बायका मला म्हणताहेत उभी राहा. एका घरात दोन जागा."

"ऐक! दोन जागा!" थोरला म्हणाला. "पाच नंबर म्हणजे मागची वस्ती. ती वस्ती माझी आहे. वीस वर्षं मी त्यांच्या नळासाठी भांडलोय."

"भांडलास, पण नळ आला कुठे दादा?" धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. छापायच्या आधी वाचत जा जरा, काय काय केलं ते सगळं पत्रकात आहे."

"मीच छापलंय, म्हणून तर विचारतोय."

पेला कलंडला. पाणी नकाशावरून वाहत पाच नंबरात गेलं. थोरली सून फडकं घेऊन उठली, पुसून परत बसली.

"भांडा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मला काही घाई नाही. मुदत तुमची संपतेय, माझी नाही."

थोरल्याने खुर्ची ओढून धाकट्याच्या समोर घेतली आणि आवाज खाली आणला. हे मात्र तो बापाकडून नीट शिकला होता. "हे बघ. जागांचं सोड. रेष राहिली तर उद्या कोणीतरी विचारणार, गल्लीवरून रेष काढली तर गल्ली कुठाय? गल्ली सापडली की अतिक्रमण आलं. अतिक्रमणवाल्या घरातल्या माणसाला नगरसेवक राहता येत नाही. मी तर गेलोच. तुझी बायकोही गेली. आणि मधलीच्या वर कोण झोपतं?"

मधलीच्या वर धाकट्याची खोली होती. तो चालायला लागायच्या आधी बांधलेली.

"पाडतील?" त्याने विचारलं.

"ठेवतील कशाला?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. ती नकाशाकडे बघत होती. "मग सही करून टाका आई," तो म्हणाला. आठ दिवसांत दोघे भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले, आणि तेही कसे, तर एकमेकांच्या तोंडाकडे न बघता.

"मागच्या वस्तीतली माणसं काय म्हणतील?" धाकटी सून पुटपुटली. "त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवतं सगळं. शिंपीमास्तर मला कापड बेतताना एकदा म्हणाले होते, तुमच्या मधलीतून मी लग्नाची वरात नेली होती."

"आठवू दे. छत्तीस वर्षं कोणी तोंड उघडलं का?"

"तुमच्या बाबांपुढे कोण उघडणार होतं?" हा थोरल्या सुनेचा दुसरा शब्द.

अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटले होते. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली. पण त्यांना ती गल्ली दिसत होती, भर पावसात, वर आभाळ उघडं असलेली. डाव्या हाताला बैठकीचं घर, उजव्या हाताला स्वयंपाकाचं, आणि मधून जाणारं येणारं गाव. पोटात धाकटा होता. ताटं, पातेली, पाण्याच्या कळशा घेऊन दिवसातून चाळीस वेळा त्या गल्ली ओलांडत होत्या. बैठकीत अध्यक्षांपाशी पंधरा माणसं बसलेली, आणि अध्यक्षांची बायको भिजलेल्या लुगड्यात चहाचं तबक घेऊन सायकलवाला जाईपर्यंत थांबलेली. एकदा घसरून पडल्या. कळशी गडगडत गेली आणि मागच्या वस्तीतल्या पोरींनी हसून ती परत आणून दिली. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, 'गाव तुम्ही चालवता ना? मग माझ्या डोक्यावर एवढं छप्पर घाला. नाहीतर मी पुन्हा तुमच्या बैठकीत चहा पाठवणार नाही.'

पालिकेची सुट्टी होती. पाच दिवसांत दोन्ही टोकांना दारं बसली.

सहाव्या दिवशी सकाळी झाडूवालीच्या आईने दारावर दांडा ठोकला. 'यादीत आहे,' म्हणाली. अध्यक्ष हसले होते. गल्ली यादीतून काढायची तर ठराव लागला असता, आणि ठराव सभेत मोठ्याने वाचावा लागतो. 'झाडू दे तिला,' म्हणाले. 'आपल्याच अंगणाची झाडलोट.' एवढ्या हुशार माणसाला एवढंही सुचलं नाही की कागदावर जे राहतं ते माणूस गेल्यावर बोलायला लागतं. नाहीतर सुचलंही असेल. ते काय सगळं बायकोला सांगत नव्हते.

"आणि झाडणारीचं काय?" अध्यक्षीणबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"कोणाचं?"

"गल्ली नव्हती म्हणता. मग ती रोज काय झाडत होती? वहीत रोज खूण आहे तिची."

"ती म्हणेल, चुकून केली."

"दहा हजार दिवस चुकून?"

"आई, मी मुकादमाशी बोलून ठेवलंय," थोरला चिडून म्हणाला. "तिचं मी बघतो. साडेतीन झाले. सही कर, नाहीतर तिथे चल आणि साहेबासमोर कर. तिथे केलेली जास्त चांगली."

"चल तर मग," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीचे हात धरून उठल्या. "थोरली, माझी ती करड्या काठाची साडी काढ. तिथे ह्यांचा फोटो आहे. घरच्या साडीत कशी जाऊ?"

*

पालिकेचं सभागृह त्यांच्या आठवणीपेक्षा लहान निघालं. पंखे तेच होते. भिंतीवर अध्यक्षांच्या तसबिरींची रांग होती आणि रांगेत तीन जागी एकच माणूस, दर वेळी थोडा जास्त जाड. चौथ्या तसबिरीतल्या माणसाच्या चष्म्यावर पालीने घाण केली होती.

साहेब तरुण होता आणि दमलेला होता. समोर एकेचाळीस हरकतींचा गठ्ठा. एक म्हातारा त्याला पटवत होता की त्याच्या दुकानाची पायरी एका प्रभागात आणि दुकान दुसऱ्यात गेलं आहे, तर गिऱ्हाइकाने मत कुठे द्यायचं? "आजोबा, गिऱ्हाइकाने त्याच्या घरी जाऊन द्यायचं," साहेब म्हणाला. म्हाताऱ्याला ते पटलं नाही, पण तोही दमला होता. तो कागदाची घडी घालत निघून गेला.

मग अध्यक्षांचं घर पुकारलं गेलं. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. मागच्या वस्तीतली दहाबारा माणसं आली होती. शिंपीमास्तर होते, काठी दोन पायांत धरून. कोणी अध्यक्षीणबाईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सवयच नव्हती.

थोरल्याने हरकत वाचून दाखवली. छान वाचली. 'एकसंध' शब्दावर तर त्याने क्षणभर दम घेतला.

"ठीक," साहेब म्हणाला. "पण माझ्यापुढे सफाईची वही आहे. कर्मचारी आली आहे का?"

मुकादमाच्या मागून झाडूवाली पुढे आली. गणवेशाची साडी इस्त्री केलेली होती, हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. हातात झाडू नसलेली ती अध्यक्षीणबाईंनी पहिल्यांदाच पाहिली.

"मावशी, सात नंबरची गल्ली तुम्ही रोज झाडता. परवा मला तसं सांगितलंत."

झाडूवालीने आधी मुकादमाकडे बघितलं, मग थोरल्याकडे, आणि मग बराच वेळ अध्यक्षीणबाईंकडे. सकाळी खुर्चीखालून झाडू फिरवताना बघितलं होतं तसंच. पाय उचला, बाई.

"नाही साहेब," ती म्हणाली.

"नाही काय?"

"गल्ली नाही तिथे. मी झाडत नाही. खुणा अशाच मारत होते मी."

"अशाच?"

"हो. बसल्या बसल्या."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "मावशी, कळतंय का काय बोलताय? ही खोटी नोंद झाली. इतक्या वर्षांची. चौकशी लागेल. तुमची निवृत्ती जवळ आली आहे ना? सगळं अडकेल."

"कळतंय."

"कोणी सांगितलंय का तुम्हाला असं बोलायला?"

"मला कोण सांगणार? मी म्हातारी झाले. कंटाळा येतो झाडायचा."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. थोरल्याने कागद आईपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. मोठ्या मुलाने म्हातारीची काळजी घ्यावी तसं, अगदी अलगद.

अध्यक्षीणबाईंनी पेन धरलं. त्यांना सही नीट येत होती. अध्यक्षांनीच शिकवली होती, पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षी. 'अंगठा लावलास तर माझं हसं होईल,' म्हणाले होते. तीन महिने रोज संध्याकाळी पाटीवर गिरवून घेतली. आज त्याच सहीने त्यांची तसबीर वाचणार होती. मुलाची जागा वाचणार होती. धाकट्याची खोली वाचणार होती. फक्त एक वही खोटी पडणार होती, आणि ती खोटी म्हणून सांगायलाही वहीवालीच तयार होती. किती सोपं होतं सगळं. दमलेल्या माणसाला सोपं तेवढंच दिसतं.

पण कंटाळा? कंटाळा येतो म्हणाली ही बया! पाऊस असो, ताप असो, मेलेल्या आईची राख थंड व्हायच्या आधी असो, दारावर दांडा ठोकायची, ती ही! आणि आता भर सभागृहात सांगते की अध्यक्षांचं घर कोणी झाडतच नव्हतं. आपली लाज झाकायला हिच्या पदराचं टोक ओढून घ्यायचं, आणि उद्या सकाळी हिच्याच समोर पाय वर घेऊन चहा प्यायचा? अध्यक्षीणबाईंनी आजवर कोणाचं काही फुकट घेतलं नव्हतं. निदान तसं त्या सांगत तरी आल्या होत्या.

त्यांनी टोपण परत लावलं.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या.

"आई," थोरला म्हणाला.

"रोज झाडते. आज सकाळीसुद्धा झाडली. माझे पाय उचलायला लावून झाडली. हिच्या आधी हिची आई झाडायची. साहेब, त्या वहीतली एक खूण जरी खोटी निघाली ना, तर माझं नाव बदला."

"बाई, तुम्ही गप्प बसा," झाडूवाली कळवळून म्हणाली. "मी सांगितलंय ना."

"तू मला गप्प बसवणार? तुझ्या आईलाही जमलं नाही ते."

साहेबाने कपाळावरून हात फिरवला. "आजी, म्हणजे गल्ली आहे?"

"होती. आहे. माझ्या घराखाली आहे." एकदा निघाल्यावर शब्द आपोआप चालायला लागले. त्या बोलत होत्या तसबिरीकडे बघून. "दोन्ही बाजूंची घरं आमची. मधून वाट गावाची. मला भिजायचा कंटाळा आला होता. खरा कंटाळा मला आला होता, हिला नाही. ह्यांच्याकडे हट्ट केला, छप्पर घाला. ह्यांनी घातलं. ठराव नाही, काही नाही. पाच दिवसांत. मागच्या माणसांना तेव्हापासून लाकडाच्या वखारीवरून वळसा पडला. कोणी काही बोललं नाही, मीही नाही बोलले. चुकलं ह्यांचं असेल, पण मागितलं मी होतं. ते मेलेत, मी आहे. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

साहेबाने खाली ठेवलेलं पेन उचललं.

"हे तुम्ही लिहून द्याल?" साहेबाने विचारलं.

"तुम्ही लिहा. मग दोनदा वाचून दाखवा. सही मी करते, मला येते."

थोरला उठला. कागद, फोटो, पिशवी, सगळं गोळा केलं. जाताना आईच्या कानाशी वाकला. "बाबांना एकदा मारलं काळाने. आज तू मारलंस," म्हणाला आणि दाराकडे गेला. धाकटा जागेवरच बसला होता, छताकडे बघत, जणू त्याची खोली इथेच वर कुठेतरी होती.

"हे वाक्यसुद्धा छापून घे धाकट्याकडून," अध्यक्षीणबाई त्याच्या पाठीला म्हणाल्या. पण आवाजात पूर्वीची धार नव्हती, आणि त्याने ऐकलंही नाही.

*

बाहेर आल्यावर झाडूवाली त्यांच्या शेजारून चालू लागली, एक पाऊल मागे.

"काय मिळवलंत बाई?" ती म्हणाली. तिला राग आला होता. अध्यक्षीणबाईंवर रागावायची तिचीही ही पहिलीच वेळ. "मी निभावलं असतं. घर मोडलंत तुम्ही स्वतःचं."

"तुझी वही नीट होती ना?"

"होती."

"मग झालं तर. गप्प चल." चार पावलांनी त्या थांबल्या. "वखारीचा रस्ता कुठून जातो?"

"तिकडून कशाला? लांब आहे ते."

"किती लांब आहे ते बघायचंय."

लांब होतंच. वखारीच्या कडेने चिखल, मग ओंडक्यांचे ढीग, मग उतार, मग पुन्हा चढ. एका ओंडक्यावर त्यांना बसावं लागलं. गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला एक माणूस समोरून गेला, थांबला, ओळखलं, आणि पुढे गेला. त्यांच्या पायात गोळे आले. छत्तीस वर्षं लोक इथून गेले. आजारी माणसं, गरोदर बाया, प्रेतं. तेवढ्या काळात त्यांच्या घरी किती चहा बैठकीत गेला असेल, एक थेंब न सांडता.

मागच्या वस्तीतून आपल्याच घराच्या मागच्या दाराशी त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. झाडूवालीने सवयीने हात उचलला, दांडा नव्हता, म्हणून मुठीने दोनदा ठोकलं.

थोरल्या सुनेने अडसर काढला. "आई, तुम्ही? इकडून?"

"पाणी दे आधी."

मधलीत दिवे लागले नव्हते. धाकटी सून जिन्याच्या पायरीवर बसली होती, वर जायचं की नाही अशी. बैठकीचं दार आतून लावलं होतं आणि आत थोरला फोनवर कोणाशी तरी खालच्या आवाजात बोलत होता, खूप खालच्या.

"ते मघापासून घरात कोणाशी बोलले नाहीत," थोरली सून म्हणाली. मग पेला देता देता तिने तिसरा शब्द टाकला. "मी बोललेही नसते तुमच्या जागी. पण बरं केलंत." आणि ती दाराकडे वळली.

"लावू नकोस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पुढचंही उघड. दोन्ही."

तिने उघडलं. रस्त्यावरचा आवाज एकदम आत आला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वारा गेला आणि भिंतीवरचं कॅलेंडर हललं. त्या खुर्चीत बसून राहिल्या. ही मधली आता किती दिवसांची, वरची खोली किती दिवसांची, थोरला उद्या तोंड दाखवेल की नाही, त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि विचार करायचं बळही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मागच्या दारात काठी वाजली. शिंपीमास्तर. उंबऱ्याशी उभे, आत बघत, जसं कोणी परक्याच्या घरात बघतं.

"बाई," ते म्हणाले, "पलीकडे रस्त्यावर जायचं होतं. जाऊ का?"

अध्यक्षीणबाईंनी मान हलवली.

मास्तर खाली वाकले. कसंबसं काठीवर तोल सांभाळत त्यांनी पायातल्या चपला काढल्या, एका हातात धरल्या, आणि अनवाणी, चोरट्यासारखे भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. जिन्यावरच्या धाकट्या सुनेकडे बघितलं नाही, स्वयंपाकघराकडे बघितलं नाही. खुर्चीजवळ आले तसे त्यांचे पाय आणखी हळू झाले.

"मास्तर."

ते थांबले.

"चपला घाला पायात," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "गल्ली आहे ही."